तिप्पण्णाचा पुकारा

तिप्पण्णाला एका जागी बसवत नाही. लग्नात उभ्यानं जेवायची पद्धत आली तेव्हा सगळे नाकं मुरडत होते, हा एकटा खूश होता. भजनाला बसला तरी गुडघा हलत असतो, आणि शेजारच्याचा ताल चुकतो. "ह्यांच्या पायाला भिंगरी न्हाय, मोटार हाय," असं त्याची बायको निंगव्वा म्हणते. छप्पन्न वर्षांचा माणूस, पण घरात आला की पाचव्या मिनिटाला चपला शोधायला लागतो.

अशा माणसाला धंदाही तसाच मिळाला. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, आत बॅटरी, आणि ड्रायव्हरच्या जागेवर स्वतः तिप्पण्णा, एक हात हँडलवर आणि एका हातात माइक. सोलापूरच्या पूर्व भागात, टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतली माणसं राहतात त्या वस्त्यांत, तीस वर्षं त्याचा पुकारा चालला आहे. साड्यांचा सेल असो, लसीकरण असो, कुणाची सभा असो, नाहीतर कुणाची मयत. मूळचा तो मंद्रूपचा. बाप गुरप्पा आठवडी बाजारात शेंगा विकायचा, पण बापाचा आवाज बसका, म्हणून ओरडायचं काम पोराकडे आलं. तिथून गळा तयार झाला तो झालाच.

घरात कन्नड, शाळेत मराठी, सोलापुरात पहिली भाड्याची खोली एका तेलुगू विणकराची, आणि रिक्षा ज्यानं शिकवली तो दखनी उर्दू बोलणारा. त्यामुळे तिप्पण्णा एकाच दमात चार भाषांत पुकारतो. "पाणी येणार, नीर बरताव, नीळ्ळु वस्तायी, पानी आरा!" हे ऐकून नवखा माणूस हसतो. वस्तीतली माणसं हसत नाहीत. ती घागर उचलतात.

पुकाऱ्याचा धंदा हा थापांचा धंदा आहे, हे तिप्पण्णा स्वतः कबूल करतो. "आज शेवटचा दिवस" असं सांगत त्यानं एकाच साडीच्या सेलचा पुकारा अकरा दिवस केलेला आहे. निवडणुकीत सकाळी एकाचा आणि संध्याकाळी दुसऱ्याचा "लाडका, कार्यसम्राट" म्हणून उदोउदो केलेला आहे. पण तीन गोष्टींत खोटं बोलायचं नाही, हा त्याचा नेम होता. पाणी, मयत आणि हरवलेलं पोर. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ह्या तिन्हींसाठी माणूस हातातलं काम टाकून धावत येतो, आणि धावत आलेल्या माणसाला फसवू नये, एवढं त्याला आपोआप समजलं होतं.

पाण्याचा पुकारा तर त्याचा खास. चार-पाच दिवसांनी पाणी सुटतं, वेळ ऐनवेळी ठरते. महापालिकेच्या झोन ऑफिसातून फोन येतो, की तिप्पण्णा गाडी काढतो. बाकी सगळे पुकारे हल्ली पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड करून कुणीही वाजवतं. पाण्याचं तेवढं तोंडी राहिलं होतं, आणि तिप्पण्णाचं घर बरंचसं त्यावर आणि लेकीच्या कामावर चाललं होतं.

लेक महेश्वरी, चोवीस वर्षांची, टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर. टॉवेल मागावरून उतरला, कापला, की कडा दुमडून शिवायच्या, दिवसाला शेकड्यांनी. तिच्या कारखान्यात चौऱ्याऐंशी माणसं. निम्म्याहून जास्त तिप्पण्णाच्याच वस्तीतली. गेल्या वर्षापासून बाहेरच्या देशांतली मागणी आटली आणि कारखान्याला घरघर लागली. सहा दिवसांचं काम चारावर आलं, कुणी बोललं नाही. चारावरून तीनवर आलं, तेव्हा लोक म्हणाले, बरं झालं, तेवढीच पाठीला विश्रांती. घराघरांत आमटी पातळ झाली, पोरांच्या शिकवण्या सुटल्या, चहा दोनदाचा एकदा झाला. हे सगळं इतकं मुकाट्यानं झालं की ह्या वस्तीत काही घडतंय हे शेजारच्या वस्तीलाही कळलं नसतं. शेजारच्या वस्तीत तरी वेगळं काय चाललं होतं म्हणा.

गुरुवारी महेश्वरी भरदुपारी घरी आली. डबा तसाच भरलेला. उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, "अप्पा, एक तारखेपास्नं बंद."

"काय बंद?"

"कारखाना. मालकानं कामगार ऑफिसात कागद दिलाय. कामगारांची संमती हाय, असं लिवलंय."

"संमती कुणी दिली?"

दोन महिन्यांपूर्वी हजेरीच्या वेळी एक कागद फिरला होता. सगळ्यांनी सह्या केल्या. तिनंही केली होती.

"वाचलं न्हाईस?"

"सगळे करत हुते, अप्पा."

तिप्पण्णाच्या डोक्यात सणक गेली, पण पोरीचा चेहरा बघून त्यानं ती गिळली. तो उठला, बाहेर गेला, परत आला, पुन्हा बाहेर गेला. निंगव्वानं त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला तो त्यानं उभ्यानंच रिकामा केला.

संध्याकाळी रत्नदीप आला. रत्नदीप त्याच कारखान्यात मागांचा फिटर, शिकलेला, वाचनाचा नाद असलेला पोरगा. त्यानं कामगार ऑफिसात जाऊन सगळी चौकशी केली होती. "काका, अजून वेळ गेलेली नाही," तो म्हणाला. "सोमवारी अकरा वाजता सुनावणी आहे. निम्म्यापेक्षा जास्त कामगारांनी समक्ष उभं राहून सांगायचं की आमची संमती नव्हती. म्हणजे त्रेचाळीस माणसं. त्रेचाळीस उभी राहिली तर तो कागद बाद. मग मालकाला आपल्याशी बोलायला बसावं लागतं, तीन दिवसांचं काम तरी चालू ठेवावं लागतं. नाही उभी राहिली, तर संमती धरणार आणि विषय संपला."

"एवडंच? त्रेचाळीस माणसं?" तिप्पण्णा हसला. "अरे, माज्या भोंग्यावर दोनशे माणसं जमत्यात."

शुक्रवारी सकाळीच त्यानं रिक्षा काढली. पदरचं पेट्रोल, पदरची बॅटरी. मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत, दखनीत, गल्लीगल्लीतून पुकारत गेला. सोमवार, सकाळी अकरा, कामगार ऑफिस, आपल्या पोटाचा प्रश्न, फक्त उभं राहायचं आहे. पहिल्या गल्लीत पुकारा सुरू होताच घराघरांतून बायका घागरी घेऊन बाहेर आल्या. दोन वाक्यं ऐकली. "पाण्याचं न्हाय व्हय," असं एकमेकींना सांगितलं आणि घागरी घेऊन आत गेल्या. दुसऱ्या गल्लीत तेच. तिसऱ्या गल्लीत एकानं गाडी थांबवून विचारलं, "ते ऱ्हाऊ दे, उद्याची पाळी सकाळी का संध्याकाळी?"

मग तिप्पण्णानं माइक ठेवला आणि पायी निघाला. दारोदार. नाही कुणीच म्हणालं नाही, ही खरी गंमत आणि हेच खरं दुखणं. "व्हय व्हय, येतो की." "यायलाच पायजे." "तुमी म्हणल्यावर काय विषय हाय?" आणि पाठ वळली की आतून टीव्हीचा आवाज मोठा. एक जण म्हणाला, आपण जाऊन काय फरक पडतोय. दुसरा म्हणाला, मोठ्या लोकांचं वरनं ठरलेलं असतंय. तिसऱ्यानं तर तिप्पण्णालाच समजावलं की जगातच मंदी आहे, आपल्या गल्लीनं काय करायचं. पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तसा तिप्पण्णा बोलत राहिला.

बसूकडे तो मुद्दाम शेवटी गेला. बसू त्याचा पंचवीस वर्षांचा दोस्त, दोघांची घरं पाठीला पाठ लावून. बसू त्या कारखान्यातला माग चालवणारा सगळ्यात जुना कामगार. तो बोलला तर वीस माणसं ऐकतील. बसू ओट्यावर पाय पसरून मोबाइलवर कसले तरी नाचाचे व्हिडिओ बघत होता.

"बसू, सोमवारी यायचं."

"येतो की."

"येतो की न्हवं. शब्द दे."

"अरे, सगळे निगाले की मला हाक मार. मी काय मागं ऱ्हातोय व्हय?"

"सगळे हेच म्हणाल्यात रे! सगळे निगाले की येतो! मग पयला कोण निगायचा?"

बसूनं मोबाइलवरून बोट उचललं, क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "होगली बिडू, तिप्पण्णा. जाऊ दे. लई जीव लावून घेऊ नगंस."

हे "होगली बिडू" तिप्पण्णानं लहानपणापासून ऐकलं होतं. बैल मेला, होगली बिडू. पाऊस गेला, होगली बिडू. कन्नडमधलं हे "जाऊ दे" मंद्रूपला बापाच्या तोंडून ऐकताना त्याला त्यात शहाणपण वाटायचं. आज पहिल्यांदा त्याला ते ऐकून किळस आली, आणि आपल्याच मायबोलीची किळस आली म्हणून स्वतःचा रागही आला. तो तसाच फणफणत घरी गेला.

शनिवारी समाजमंदिरात बैठक ठेवली. पाचचा टाइम. सहा वाजेपर्यंत सहा माणसं जमली. त्यातली दोन त्यांच्या गल्लीत लाइट गेली म्हणून पंख्याखाली बसायला आली होती. रत्नदीपनं तरी सगळं नीट समजावून सांगितलं. महेश्वरीनं उठून आपण न वाचता सही केली हे सगळ्यांसमोर सांगितलं. ऐकणाऱ्यांपैकी एकानं जांभई दिली. लाइट आली तशी ती दोन माणसं उठून गेली.

आणि त्याच संध्याकाळी झोन ऑफिसचा फोन आला, पाणी सोडतोय. तिप्पण्णानं गाडी काढली, चार भाषांत चार शब्द उच्चारले, आणि पाच मिनिटांत वस्ती रस्त्यावर. म्हातारे, लंगडे, बाळंतीण, सगळे. बसू लुंगी खोचून सगळ्यात पुढे, पाइप घेऊन. तिप्पण्णा ते बघत गाडीत बसून राहिला. इतकी माणसं आहेत. हातपाय धड आहेत, कान धड आहेत, धावता येतं. मग हे पोटासाठी का धावत नाहीत?

घरी आल्यावर त्यानं निंगव्वाला मनातलं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"पाण्यावर खोटं बोलायचं? तुमी?"

"एकदाच. माणसं जमली की मी सांगतो. समोर उभं ऱ्हाऊन सांगितलं की पटतंय माणसाला."

"पटायचं आसतं तर दारात जाऊन सांगितल्यावर पटलं आसतं. ऐका माजं. घागर घेऊन आलेल्या माणसाला दुसरं काय ऐकू येत न्हाय."

ती बरोबर बोलत होती, हे तिप्पण्णाला तेव्हाही कळत होतं. पण कळतं पण वळत नाही, अशी त्याची अवस्था. पोरीची नोकरी दोन दिवसांवर आलेली, आणि हातात एकच हत्यार.

रविवारी पाण्याची पाळी नव्हती. तिप्पण्णानं दुपारी तीनला पुकारा केला: चार वाजता चौकात टँकर येणार. चारही भाषांत. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. पावणेचारलाच चौक भरला. घागरी, कॅन, बादल्या, रांगेत लावून माणसं उभी. तीनशेच्या वर असतील. कारखान्यातली तर झाडून सगळी.

तिप्पण्णा रिक्षाच्या पायरीवर चढला आणि बोलायला लागला. आणि बोलला बरं का! तीस वर्षं दुसऱ्यांचं बोललेला माणूस पहिल्यांदा स्वतःचं बोलत होता. आज हा कारखाना, उद्या दुसरा. तीन दिवसांचं काम गेलं की पोरगी घरात बसणार, मग बायको घरात बसणार, मग आपण ओट्यावर. कुणी येऊन विचारणार नाही. फक्त त्रेचाळीस माणसांनी उभं राहायचं आहे, तोंडातून एक "न्हाय" काढायचा आहे. माणसं ऐकत होती. माना हलत होत्या. एकदोघांचे डोळे भरून आल्यासारखे तिप्पण्णाला वाटले, आणि त्याच्या छातीत आशा दाटून आली.

त्याचं बोलणं संपलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "ते समदं खरं हाय. पण टँकर कुटं आडलाय?"

पहिल्या रांगेत येसूबाई उभी होती. सत्तरीची, एकटी राहणारी, दोन्ही गुडघे सुजलेले. ती दोन कळश्या घेऊन वस्तीच्या पार दुसऱ्या टोकापासून आली होती. तिनं पदरानं घाम पुसला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "तिप्पण्णा, मागं हाय न्हवं टँकर?"

तिप्पण्णाला खोटं ताणता आलं नाही. "न्हाय, येसूबाई. टँकर न्हाय. तुमी सगळ्यांनी यावं म्हणून मी..."

येसूबाईनं शिवी दिली असती तर त्याला सोसवली असती. ती म्हणाली, "मग आता तू कुणाची मयत पुकारलीस तर तीबी खोटीच समजायची का रे?"

तिप्पण्णाला भर चौकात मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचं त्याला नीट आठवत नाही. आरडाओरडा झाला, एक प्लास्टिकची घागर भोंग्यावर आदळली, कुणी गचांडी धरली, कुणी सोडवली. सोडवणाऱ्यांत बसू होता. पण सोडवता सोडवता तोही म्हणाला, "पाण्यावर खोटं बोललास, तिप्पण्णा. हे लई वंगाळ केलंस."

सोमवारी तिप्पण्णा पहाटेपासून तयार. रात्रीत कुणाचं तरी मन पालटलं असेल, ही आशा काही मरत नव्हती. दहा वाजता त्यानं बसूच्या दारात हाक मारली. घराला कडी. त्याला बरं वाटलं, पुढं गेला असेल म्हणाला. आणखी चार घरांना कड्या दिसल्या तेव्हा तर त्यानं महेश्वरीला हसून खूण केली.

कामगार ऑफिसच्या व्हरांड्यात कुणीच नव्हतं. महेश्वरी, रत्नदीप आणि शिलाईवरची धम्मप्रिया नावाची महेश्वरीची मैत्रीण, इतकेच कामगार. तिप्पण्णा चौथा. साहेब भला माणूस होता. त्यानं चष्म्यावरून चौघांकडे पाहिलं आणि तिप्पण्णाला विचारलं, "तुम्ही कामगार का?"

"न्हाय साहेब. पुकारा करतो."

"मग तुम्हाला धरता येणार नाही. तिघं झाली." त्यानं घड्याळ बघितलं. "मी दोन वाजेपर्यंत थांबतो. त्यानंतर मला कागद पुढं पाठवावा लागेल. आणा माणसं."

साडेअकरा झाले, बारा झाले. तिप्पण्णा फाटकापर्यंत जायचा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायचा आणि परत यायचा. चौकीदारानं खुर्ची दिली, तो बसला नाही. रत्नदीप एकेकाला फोन लावत होता, कुणी उचलत नव्हतं. धम्मप्रियानं महेश्वरीचा हात धरून ठेवला होता. पाऊणला तिप्पण्णाचा फोन वाजला. झोन ऑफिसचा क्लार्क.

"तिप्पण्णा, आहात कुठं? इथं तुमच्याविरुद्ध मोर्चा आलाय. आधी इकडं या, गाडी घेऊन या, माइकवर माफी मागा, म्हणजे ही माणसं जातील. आणि हो, इथून पुढं पाण्याचं आम्ही रेकॉर्डिंगच वाजवणार आहोत."

फोनमधून मागचा गलका ऐकू येत होता. घोषणा चालल्या होत्या. एका सुरात, जोरात, ओळखीच्या आवाजांत.

महेश्वरीलाही ते ऐकू गेलं. ती म्हणाली, "अप्पा, ती सगळी तितं हायत."

नुकतंच आपलं काम गेलं, ह्याचं दुःख करायला तिप्पण्णाला सवडच झाली नाही. त्यानं रिक्षा अशी मारली की सिग्नल दिसला नाही. झोन ऑफिसच्या आवारात दीडशे माणसं. बायका होत्या, म्हातारे होते, कुणीतरी रिकाम्या घागरी आणून फाटकावर टांगल्या होत्या. इतकी एकी ह्या वस्तीनं आजवर दाखवली नव्हती. सहा दिवसांचे तीन झाले तेव्हा नाही, पोरांच्या शिकवण्या सुटल्या तेव्हा नाही. तिप्पण्णा गाडीतून उतरला आणि माणसं मोजायला लागला. कारखान्यातला एकेक चेहरा त्याला पाठ होता. वीस. तीस. बसू, एकतीस. चाळीस. त्रेचाळीस. पुढंही होते. एकूण बावन्न निघाले.

बावन्न माणसं, आणि घड्याळात एक वाजून दहा मिनिटं. त्यानं माइक घेतला.

आधी माफी मागितली. मनापासून मागितली. चारही भाषांत मागितली, आणि येसूबाईचं नाव घेऊन मागितली. "पाण्यावर खोटं बोललो. तीस वर्षांत पयल्यांदा बोललो. चुकलो. तुमी सांगाल ती शिक्षा घेतो." येसूबाई पायरीवर बसली होती. तिनं मान हलवली. गर्दीतून कुणी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. क्लार्कही हसला. वातावरण एकदम निवळलं.

"आता माजं ऐका," तिप्पण्णा म्हणाला. त्याचा आवाज घाईनं चिरकायला लागला. "कारखान्यातले बावन्न जण हितं हाईत. मी मोजल्यात. त्रेचाळीस पायजेत. साहेब दोन वाजेस्तोवर थांबलाय. हितनं पंधरा मिंटाची वाट हाय. तुमी घरातनं निगालाच हाय, चपला पायातच हाईत! एवडं चला. हात वर करायचा आणि परत यायचं. मी रिक्षात फेऱ्या मारतो. चला की!"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एक जण म्हणाला, आता ऊन लई झालं. एक बाई म्हणाली, भात टाकून आलेय. एकानं विचारलं, "सगळे चाललेत का?" आणि ज्याला विचारलं त्यानं खांदे उडवले. कुणी रागावलेलं नव्हतं. कुणाला तिप्पण्णाचं म्हणणं चूक वाटत नव्हतं. ज्यासाठी आले होते ते झालं होतं, आणि माणसं समाधानानं फाटकातून बाहेर पडायला लागली. घागरी ज्याच्या त्यानं ओळखून काढून घेतल्या.

तिप्पण्णानं धावत जाऊन बसूला गाठलं. हातात माइक तसाच, वायर मागे ताणलेली.

"बसू, तू तरी! सकाळी तुज्या दारात हाक मारली मी. हितं कसा आलास रे?"

"सगळे निगाले, म्हणून मीबी निगालो." बसूनं हे अगदी निर्मळ मनानं सांगितलं. तिप्पण्णानं घड्याळ बघितलं. दीड वाजायला आला होता. तिकडे व्हरांड्यात तिघं जण उभी होती. त्यातली एक त्याची पोरगी होती.

बसूला त्याची दया आली असावी. त्यानं तिप्पण्णाच्या खांद्यावर हात ठेवला, दोनदा थोपटला. "होगली बिडू, दोस्ता. तू माफी मागितलीस, झालं, विषय संपला. आता कुणाच्या मनात काय न्हाय बघ."

माइक चालूच होता. दोन्ही भोंग्यांतून, आवारभर, पार रस्त्याच्या पलीकडच्या स्टॉपपर्यंत तिप्पण्णाचा आवाज गेला, आणि त्या आवाजात कुठल्याच पुकाऱ्याची चाल नव्हती.

"आरं, ठेव की मनात! ठेवा की रे! कायतरी ठेवा की मनात!"